नानांचा गहू, माझा पाव

रविवार, ३ मे १९९८

शाळेची एक टाचणवही कोरी उरली होती. वर्षभर असल्या वहीत मी खोटं लिहिते: घटक, उद्दिष्ट, शैक्षणिक साधने, स्वाध्याय. मुख्याध्यापक न वाचता खाली सही करतात. सुट्टीत तरी खरं लिहावं म्हणून ही काढली. सही करायला कोणी नाही, हे उत्तम.

आज वर्षाचा गहू भरला. भरला म्हणजे नानांनी भरला. माझे सासरे सरकारी धान्य गोदामातून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली, पण गोदाम अजून त्यांच्यातून निवृत्त व्हायचंय. फलटण सोडून आमच्याकडे नेरूळला राहायला आले, तेव्हा या दोन खोल्यांत त्यांनी एकच खातं मागून घेतलं, गव्हाचं. तुर्भ्याच्या धान्यबाजारात जाऊन लोकवन स्वतः निवडायचा, सोसायटीच्या गच्चीवर जुन्या चादरी अंथरून त्याला दोन दिवस ऊन दाखवायचं, मग बोरिक पावडर चोळून कोठीत भरायचा. चोळायला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालत नाही. गेल्या दिवाळीनंतर पिठात किडा निघाला होता. तो अपमान त्यांनी सहा महिने जपून ठेवला होता. आज पावडरीचा अख्खा डबा संपवला. गच्चीवरून उतरले तेव्हा भुवयांपर्यंत पांढरे.

"नाना, टिकवायचं काय आहे? गहू की तुम्ही?"

"दोन्ही टिकतील की. तू पोळ्या तेवढ्या नीट लाट."

पोळ्या मी नीटच लाटते. ते खात नाहीत, हा भाग वेगळा. फेब्रुवारीत नवी कवळी बसवली. मार्चमध्ये भाकरी सोडली, एप्रिलमध्ये पोळी. 'टोचते.' आता दोन्ही वेळेला बेकरीचा पाव चहात बुडवून. त्यात साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मैदा बंद केलाय. म्हणजे काय खायचं ते कवळी ठरवणार, काय नाही ते डॉक्टर ठरवणार, आणि बोलणी मी खाणार.

गुरुवार, ७ मे

माझी नणंद वैदेही मस्कतहून आली आणि आमच्या ओट्यावर एक यंत्र ठेवून गेली. पाव करायचं. पीठ, पाणी, तेल, यीस्ट टाकायचं, बटण दाबायचं. मळणं, फुगवणं, भाजणं सगळं आतल्या आत. पावणेचार तासांनी शिट्टी.

"वहिनी, नानांना मैदा नको ना? मग गव्हाचा करा घरीच. काही टेन्शन नाही."

स्वतः किती वेळा केला, ते मी विचारलं नाही. आतल्या पात्यावरचा प्लॅस्टिकचा कागद अजून निघालेला नव्हता.

नानांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. "वॉशिंग मशीनचं पोर दिसतंय," म्हणाले. पण डोळे चमकले. झाकणाला काच आहे, त्यातून आत बघून घेतलं.

घटक: पाव. उद्दिष्ट: सासऱ्यांनी एका बैठकीत दोन काप खाणे. साधने: मस्कतचं यंत्र, नानांचा गहू. कालावधी: शाळा उघडेपर्यंत.

शनिवार, ९ मे

पहिला पाव. चक्कीवरून ताजं पीठ दळून आणलं होतं. वाशीहून यीस्टची पुडी. पुस्तिकेत सांगितलं तसं, सांगितलं त्या क्रमाने. नाना खुर्ची ओढून काचेसमोर बसले, क्रिकेटची मॅच असावी तसे. पावणेचार तासांत जे निघालं ते ओट्यावर ठेवलं तेव्हा आवाज झाला.

सुधीर म्हणाला, "जरा घट्ट झालाय." माझा नवरा तुर्भ्याच्या केमिकल कंपनीत आहे. तिथे उद्या टाकी फुटली तरी घरी येऊन 'जरा आवाज झाला' एवढंच सांगेल.

नानांनी काप चहात बुडवला. बराच वेळ धरला. एक घास घेतला, मान वर केली, छातीवर हात ठेवला, मग चहाचे दोन घोट.

"बसतो," म्हणाले.

"कुठे?"

"इथं, मधे. बसतो आणि विचार करतो, पुढं जाऊ का नको."

एवढा टोमणा मारायला माणसाला कवळी लागत नाही.

मंगळवार, १२ मे

दुसरा पाव. पाणी वाढवलं. बाहेरून पाव, आतून लाही-पिठाचा लाडू. तिसरा चालू असताना लाइट गेली. वीस मिनिटांनी आली, पण यंत्राला काही आठवेना. त्याने पहिल्यापासून मळायला घेतलं. माझ्या सातवी ब सारखं.

शकुबाई भांडी घासायला येते, शेजारच्या शिरवणे गावातली. तिने तिसरा पाव हातात घेऊन तोलला. "बाय, यो पाव हाय का वरवंटा?"

नाना हसले. हसता हसता ठसका लागला तो पाच मिनिटं थांबला नाही.

शुक्रवार, १५ मे

नानांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कवळी थोडी घासून दिली. म्हणाले, आता काही टोचणार नाही. येताना नानांना रिक्षात विचारलं, "बरं वाटतंय?"

"दात झकास आहेत गं. दातांनी कधी तक्रार केली होती?"

मग तीन महिने तक्रार कोण करत होतं? म्हातारपणी माणूस स्वतःचीच साक्ष फिरवतो.

बुधवार, २० मे

आत्तापर्यंत सात पाव. एकही फुगलेला नाही. यीस्ट बदललं, साखर वाढवली, कोमट पाणी, थंड पाणी, यंत्राखाली घडी केलेला टॉवेल. टॉवेलचं कारण मला विचारू नये. अपयश आलं की माणूस टॉवेलपर्यंत जातो.

नाना एक काप घेतात, अर्धा ठेवतात. तोही चहाबरोबर नव्हे, चहातून. त्यांना म्हटलं, "पाव जमत नाही म्हणून उपास करता का?"

"उपास कसला? जेवढं जातंय तेवढं खातोय की."

पुण्याला वरदच्या हॉस्टेलवर फोन केला. चिरंजीव म्हणाले, "आई, आजोबांना बिस्किटं दे ना." अठरा वर्षांचा अनुभव बोलतो.

शुक्रवार, २२ मे

शकुबाई लादी पुसता पुसता थांबली. "बाय, म्हाताऱ्याला घास उतरत नाय. माजे सासूचा आसाच झालता. पयले भाकर, मंग भात..."

"तुझ्या सासूला माझा पाव खायला मिळाला नव्हता ना? मग तुलना नको."

शकुबाईच्या सासूला जगातले सगळे रोग होऊन गेलेले आहेत. आपलं काहीही दुखलं की त्या सासूचा एक अवयव बाहेर येतो. मी तिला खाट सरकवून खालून पुसायला सांगितलं. ती वाकून पुसू लागली.

बुधवार, २७ मे

आज खरं कारण कळलं. लिहितानाही हसू येतंय, आणि हसू येऊ नये असंही वाटतंय.

शिरवण्यात बासितभाईंची बेकरी आहे. मूळचे श्रीवर्धनकडचे, तीन पिढ्या पाव करतात. ताजं खमीर मागायला गेले होते. मी यंत्राचं सांगितलं तसं त्यांनी आधी यंत्रावर दया दाखवली, मग माझ्यावर.

"वहिनी, मशीन काय करील? पीठ बघू तुमचं."

डब्यातून नेलं होतं. त्यांनी दोन काचेचे ग्लास घेतले. एकात त्यांचं गव्हाचं पीठ, एकात माझं. दोन्हीत सारखं खमीर, सारखं पाणी, भट्टीजवळ ठेवले. मला बाकड्यावर बसवून चहा दिला. चहा संपेपर्यंत त्यांचं पीठ ग्लासाच्या गळ्याशी आलं. माझं जिथल्या तिथे, शिक्षा झाल्यासारखं.

"या गव्हाला काय लावलाय तुमी?"

"बोरिक. किडा लागू नये म्हणून."

बासितभाईंनी कपाळाला हात लावला. "अहो वहिनी! किडा मरावा म्हणून औषध चोळता आनि खमीर जगावा म्हणता? तो पन जीवच हाय ना!"

"पण पोळ्या तर छान होतात."

"पोळीला कुठं जीव लागतो?"

बेकरीतली सगळी माणसं हसली. मीही हसले. अख्खा डबा चोळला होता नानांनी, वर्षभराच्या गव्हाला. स्वतःसाठीचा पाव त्यांनी आपल्या हाताने गच्चीवर मारून ठेवला होता.

गुरुवार, २८ मे

नानांना सांगायचं नाही असं ठरवलं.

सुधीर म्हणाला, "सांग की, त्यात काय?" त्यात काय, ते याला कळत असतं तर वीस वर्षांत बरंच काही कळलं असतं. त्या माणसाकडे आता एवढंच काम उरलंय. वर्षातून चार दिवस ते या घरातले अधिकारी असतात. त्यांचं खातं मी काढून घ्यायचं, आणि तेही एका पावासाठी?

बासितभाईंकडून न चोळलेल्या गव्हाचं पाच किलो पीठ आणलं. पिशवी ओट्याखाली, सिलिंडरच्या मागे. नानांच्या समोर त्यांच्याच डब्यातून पीठ काढते आणि ते वळले की परत टाकते. नवऱ्यापासून काही लपवायचा प्रसंग आला नाही. सासऱ्यांपासून लपवतेय, तेही पीठ.

रविवार, ३१ मे

फुगला!

नाना काचेला नाक लावून बसले होते. "अगं, वर आला. स्मिता, वर आला बघ!" त्यांनी मला नावाने हाक मारली, सूनबाई म्हणायचं विसरले. शिट्टी वाजली, पातेलं उपडं केलं, आणि घुमट असलेला, तांबूस, गव्हाच्या रंगाचा पाव बाहेर आला. सुधीरनेसुद्धा 'जरा' हा शब्द न वापरता 'मस्त' म्हटलं. सगळ्या जिन्यात वास.

पहिला काप नानांना. लोणी लावून, कडा काढून. ते बराच वेळ चावत राहिले. डोळे मिटले. मग गिळला. मान पुढे-मागे झाली. उठले, बेसिनपाशी गेले, नळ सोडला. परत आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"छान झालाय," म्हणाले. ताट सरकवलं.

कळलं त्यांना. जन्मभर धान्य हाताळलेला माणूस, परका गहू जिभेवर ओळखणार नाही? बेसिनवर जाऊन थुंकून आले. माझ्या पिठाचा निषेध!

मंगळवार, २ जून

राहवेना. सिलिंडरमागची पिशवी काढून त्यांच्यासमोर ठेवली.

"हे बघा नाना. चोरी केली. तुमच्या गव्हात बोरिक आहे, त्याने खमीर मरतं. बासितभाईंचं पीठ आहे हे. एवढ्यासाठी पाव टाकायचा नाही."

त्यांनी पिशवीत हात घातला, पीठ चिमटीत घेऊन पाहिलं.

"बोरिकनं होय? मग पहिल्या दिवशीच सांगायचं की. एवढे दिवस मला वाटलं, माझा गहूच म्हातारा झाला." हसले. "चांगलं पीठ आहे. बारीक आहे. सोजीसुद्धा नाही."

"मग खात का नाही?"

"गहू कुणाचाही असू दे गं. उतरत नाही."

घ्या. म्हणजे पीठ चांगलं, पाव छान, पण खाणार नाही. एवढा राग मनात धरलाय, आणि वरून हसणं. या घराण्यात कुणी सरळ रागावत नाही, हेच तर दुखणं आहे.

शनिवार, ६ जून

मऊ करायच्या मागे लागलेय. पाण्याऐवजी दूध. तेल दुप्पट. एक उकडलेला बटाटा कुस्करून, ही बासितभाईंची सूचना. पाव असा झाला की बोट लावलं तर खड्डा पडतो आणि हळूच भरून येतो. सुधीरने चार काप खाल्ले. नानांनी दुधात कुस्करून चमच्याने, पाच चमचे.

"यापेक्षा मऊ काय असतं नाना? कापूस?"

"कापूस नको," म्हणाले. "तो नंतर घालतातच."



गुरुवार, ११ जून

नानांच्या लेंग्याची नाडी दोनदा गुंडाळून बांधावी लागते. घड्याळ कोपरापर्यंत सरकतं. सुधीरला दाखवलं. म्हणाला, "साखर कंट्रोलमध्ये आली की वजन उतरतंच. डॉक्टर म्हणालेच होते ना?" डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, मैदा बंद केल्याचा फायदा दिसतोय.

म्हणजे पावाचा गुण आला म्हणायचा.

रविवार, १४ जून

आज वहीत लिहायला लाज वाटते, एवढा संताप झाला.

नानांची लोखंडी ट्रंक झाडायला काढली. वरच्या धोतराखाली वर्तमानपत्राच्या पुड्या. एकेक सोडली. पाव. माझा पाव. काप नीट चौकोनी घडी घातल्यासारखे, वाळून कडक. काहींवर बुरशी. दोन आठवड्यांचा माल, गोदामातल्यासारखा लावलेला.

म्हणजे 'एक काप खाल्ला' म्हणत होते तो इथे जात होता!

सगळ्या पुड्या नेऊन त्यांच्या पलंगावर ओतल्या.

"हे काय आहे?"

ते उठून बसले. पोरासारखे खाली बघत राहिले.

"पाव आहे, तो दिसतोय मला. इथे का आहे?"

"तू पावणेचार तास त्या यंत्राजवळ उभी असतेस," म्हणाले. "ताटात टाकला असता, तर तुला दिसला असता."

"आणि ट्रंकेतला नाही दिसणार?"

"मी असेपर्यंत ट्रंक तू उघडणार नाहीस, असं वाटलं."

दिसायला आज्ञाधारक, आणि आतून असा हट्ट. मी सगळं गोळा करून कचऱ्यात घातलं. यंत्र पुसून खोक्यात भरलं. उद्या शाळा उघडते. स्वाध्याय: अपूर्ण.

सोमवार, २२ जून

शाळा. सातवी ब माझ्याचकडे आलीय, आता आठवी ब होऊन. नवीन काही नाही.

नाना वरणाचं पाणी पितात. म्हणतात, पावापेक्षा बरं आहे. माझ्यावर उपकार केल्यासारखे बोलतात.

शुक्रवार, ३ जुलै

सकाळी चहाचा घोट घेतला आणि तो नाकातून परत आला. पांढऱ्या सदऱ्यावर चहा. नाना सदऱ्याकडे बघत म्हणाले, "आता पाणीपण बसायला लागलं."

शकुबाई दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, तर तिने नजर खाली केली. मग मी ओट्याला धरून उभी राहिले.

सुधीरला कंपनीत फोन केला. "आत्ता ये," म्हटलं. "जरा वेळाने येतो म्हणालास तर बघ."

सोमवार, ६ जुलै

वाशीला मोठ्या डॉक्टरांकडे. तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं. तुकडा काढून तपासायला पाठवला. त्यांना तपासणीची गरज आहे असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

गुरुवार, ९ जुलै

अन्ननलिकेत गाठ. खाली यकृतापर्यंत गेलेली. मार्ग जवळजवळ बंद.

नानांना बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. डॉक्टर चांगले होते, तरुण होते, हळू बोलत होते. त्यांनी विचारलं, "गिळायला त्रास कधीपासून?"

सुधीर म्हणाला, "झाला असेल महिना."

मी म्हटलं, "तारखा हव्यात का? माझ्याकडे आहेत. लिहून ठेवलंय. भाकरी मार्चमध्ये. पोळी एप्रिलमध्ये. नऊ मेला 'मधे बसतो' म्हणाले, छातीवर हात ठेवून. बारा मेला ठसका. वीसला..."

"मॅडम," डॉक्टर म्हणाले, "आता त्यांचा उपयोग नाही."

सगळं लिहिलंय मी. अक्षर चांगलं आहे माझं. एकही वाक्य गाळलेलं नाही. त्यांनी जे जे सांगितलं ते मी अवतरणचिन्हांत टाकलं आणि खाली माझा शेरा मारला. मुलांनी एकमेकांची उत्तरपत्रिका अशी तपासली असती तर मी त्यांना वर्गाबाहेर काढलं असतं.

ऑपरेशन करण्याची वेळ गेली. दोन महिने, फार तर तीन. पोटातून नळी घालता येईल, म्हणजे उपाशी राहणार नाहीत.

बाहेर आले तर नाना बाकावर शेजारच्या माणसाला गहू कसा निवडावा ते सांगत होते.

"काय म्हणाला?" त्यांनी मला विचारलं.

सुधीर म्हणाला, "जरा सूज आहे."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या रिपोर्टची घडी घालू लागले. त्यांनी मान डोलावली, हिशेब जुळल्यावर कारकून डोलावतो तशी. "चला मग," म्हणाले. "हिची शाळा असेल."

मंगळवार, १४ जुलै

वैदेही फोनवर रडली. म्हणाली, "वहिनी, तुम्ही त्यांच्यासाठी किती केलंत! रोज पाव करून घातलात." मी फोन सुधीरकडे दिला.

सोमवार, २० जुलै

नळी घातली. आठवड्याने घरी आलो. आता दिवसातून सहा वेळा नरसाळ्यातून वरणाचं पाणी, ताक, पेज, गाळून, कोमट. हे मी करते. सुधीरला चक्कर येते. शाळेत बिनपगारी रजेचा अर्ज दिला. मुख्याध्यापकांनी यावरही न वाचता सही केली.

शकुबाईने गाळायला स्वतःच्या घरचं मऊ फडकं आणून दिलं. सासूच्या वेळचं होतं. मी 'तू बोलली होतीस' असं म्हणायला गेले. तिने मला पुढे बोलूच दिलं नाही. "ऱ्हाऊं दे बाय. कोन आयकतं? मी पन माज्या नंदंचं आयकलं नवतं."

बुधवार, २९ जुलै

आठ-नऊ दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं असतं ते सगळं मिलिलिटरमध्ये असतं.

नाना दिवसभर छताकडे बघत पडलेले असतात. कवळी पेल्यात. बोलणं कमी. आज पेज ओतत होते तर म्हणाले, "पोटाला मिळतंय गं. तोंडाला कुणी विचारत नाही."

"काय करू नाना?"

"काय करणार?" म्हणाले, आणि भिंतीकडे वळले.

शुक्रवार, ३१ जुलै

"ते यंत्र कुठं गेलं?"

"खोक्यात आहे. वैदेहीला परत देणार आहे."

"चालू कर."

"कशाला नाना?"

"कशाला म्हणजे? सुधीर रोज डब्यात काय नेतो, पोळी? चांगलं यंत्र पडून राहतंय." मग थोडं थांबून, "वास तरी येईल घरात."

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वास आला तर त्यांना त्रास होईल, भूक लागेल आणि खाता येणार नाही. मी नानांना तसंच्या तसं सांगितलं. आता मी त्यांना सगळं तसंच्या तसं सांगते.

"भूक लागेल म्हणतो?" नाना म्हणाले. "लागू दे की. बघू तरी अजून लागते का."

शनिवार, १ ऑगस्ट

बासितभाईंकडून पीठ आणलं. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. मोजताना दोन मुठी जास्त टाकलं.

पाव फुगला. आता तो दर वेळी फुगतो, त्याचं काहीच वाटत नाही. नानांना उशांना टेकवून बसवलं. त्यांनी कवळी मागितली. मी धुऊन दिली. हिरड्या आक्रसल्यात, कवळी हलते. मग म्हणाले, "दे."

"नाना, गिळायचं नाही. अजिबात नाही."

"मला सांगतेस? वाटी आण एक."

मी स्टीलची वाटी आणली. पावाच्या मधला, कडा नसलेला छोटा तुकडा दिला. त्यांनी तोंडात ठेवला आणि चावायला लागले. घाई नाही. डावीकडून, उजवीकडून. गाल आत गेलेले, कानशिलाजवळची शीर हलत होती. मी वाटी हनुवटीखाली धरून उभी. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पुढे झुकले, वाटीत टाकलं, तोंड पुसलं आणि डोळे मिटून घेतले.

मी वाटी घेऊन वळले.

"मीठ कमी आहे," म्हणाले.

तीन महिने मी पाव करतेय. चवीबद्दल आज पहिल्यांदा कुणी बोललं.

"किती कमी?"

"ते मला काय विचारतेस? चिमूटभर असेल. उद्या बघू."

रविवार, २ ऑगस्ट

मीठ अर्धा चमचा वाढवलं. त्यांनी चावलं, वाटीत टाकलं, विचार केला.

"आता जास्त झालं," म्हणाले.